शिबाडाची जागा

पूर्णा, १२ जून २०२४

प्राची,

पत्र कामाचं आहे म्हणून लिहिते. तुझ्या कंपनीतल्या साक्षी नावाच्या मुलीचा मेल आला. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या आरमारी लढायांवर तुम्ही व्हिडिओ गेम करता आहात, त्यात शिडाची खरीखुरी जहाजं घ्यायची आहेत, पंधरा कच्ची चित्रं तयार आहेत आणि जागा सहाच आहेत, असं तिनं कळवलं. माझा एम.ए.चा प्रबंध तिला औरंगाबादच्या विद्यापीठातून मिळाला म्हणे. चाळीस वर्षांत तो कुणी उघडल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. मेलखाली जहाजांची निवड करणारी म्हणून तुझं नाव होतं. आपण कुणाच्या आईला लिहितो आहोत हे त्या मुलीला तेव्हा ठाऊक नसावं. आता झालं असेल.

सल्ला मी देईन. घरचं त्यात आणणार नाही. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष टाकून तू पुण्याला चित्रं काढायला शिकायला निघालीस तेव्हा मी म्हणाले होते, पदवी घे आणि मग या घरात ये. तो शब्द मी मागं घेतलेला नाही. तुझे बाबा गेले तेव्हा तू आलीस, दहाव्यापर्यंत राहिलीस आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता गेलीस. तेही मी उगाळत नाही. बोलायचं ते जहाजांवर.

पहिलं. तीन मजल्यांचं, दोन्ही अंगांना तोफांच्या रांगा असलेलं जहाज आपल्या बाजूला दाखवू नका. ते इंग्रजांना द्या. साक्षी म्हणते, खेळणाऱ्यांना मोठं जहाज लागतं. लागत असेल. मुलांना परीक्षेत सोपे प्रश्नही लागतात.

दुसरं. गुराब आणि गलबत जोडीनं घ्या. गुराबीच्या तोफा समोरून मारा करतात. शत्रूच्या मागं राहायचं, त्याचे दोर आणि शिडं फोडायची, तो जागीच लंगडा झाला की गलबतांतली माणसं वर चढवायची. वारा पडला की गुराब ठोकळ्यासारखी पडून राहते, मग गलबतं वल्ही मारत तिला दोरानं ओढतात. एक घेऊन दुसरं सोडलंत तर लढाई खोटी होईल.

तिसरं, शिबाड. माल वाहणारं, मोठ्या पोटाचं, दोन डोलकाठ्यांचं. लढत नाही म्हणून तुमचे लोक आधी त्यालाच काढतील, म्हणून आधीच सांगते, काढू नका. किल्ल्यावर तांदूळ, दोर आणि दारूगोळा शिबाडानं पोचवला नाही, तर गुराबीनं लढायचं कशावर? लढणाऱ्यांची नावं सगळे घेतात. आणून देणाऱ्याचं कुणी घेत नाही.

ओळी तिरक्या गेल्या असतील. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

आई


पूर्णा, ४ जुलै २०२४

प्राची,

चित्रं मिळाली. तपासली. चुका खाली देते.

गुराब. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या तोंडाच्या, पुढं एक लांब काठी निघालेली दाखवली आहे. ती इंग्रजी जहाजांना असते. समोर तोफ डागायची आणि वाटेत काठी ठेवायची, असं कोण करेल? काढा.

गलबत. वल्ह्यांवरची माणसं पिळदार दंडांची आहेत. खलाशी अर्धपोटी असायचे. हे पैलवान कुठल्या तालमीतून आणले?

मचवा ठीक आहे, पण त्याला जागा मिळणार नाही हे मला कळतं.

साक्षीनं हिशेब कळवला. सहापैकी तीन जागा इंग्रज आणि पोर्तुगीजांना, तीन आपल्याला. गुराब आणि गलबत पक्की. तिसऱ्या जागेवर तुमच्या साहेबांना पाल हवी, कारण ते आपल्याकडचं सगळ्यात मोठं लढाऊ जहाज. आणि तू शिबाडावर अडून बसली आहेस. साहेब म्हणाले, गोणी वाहणारं जहाज कोण खेळणार? तू म्हणालीस, ज्याच्या घरी कुणी गोण्या वाहिल्यात तो. हे साक्षीनं लिहिलं. तू तिला ते लिहायला सांगितलं नव्हतंस असं दिसतं.

वाचून बरं वाटलं. माझं ऐकलंस म्हणून नव्हे. दोघींचं मत वेगवेगळ्या वाटेनं तिथंच आलं असेल तर मत बरोबर असण्याची शक्यता वाढते, एवढंच.

तू सातवीत असताना भेंडाचं शिबाड करून अंगणातल्या हौदात सोडलं होतंस. डोलकाठ्या उंच झाल्यात, कलंडेल, असं मी आधीच सांगितलं होतं. कलंडलं. तू चिडून जेवली नाहीस आणि दुसऱ्या दिवशी काठ्या कापून पुन्हा सोडलंस. मग तरंगलं. चित्रातल्या डोलकाठ्यांची उंची यावेळी बरोबर आहे.

गेल्या पत्रातली दोन वाक्यं एकमेकांवर चढली आहेत, तब्येत बरी आहे ना, असं साक्षी विचारते. बरी आहे. पेन वाईट होतं.

उत्तर तू स्वतः लिहिलंस तरी चालेल. साक्षीचं मराठी फार इंग्रजी आहे.

आई


पूर्णा, २० जुलै २०२४

ती. कमलताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहिते. मोठी बहीण आहेस, पालमला बसून रागावशील, रागाव. पण आधी शेवटपर्यंत वाच.

नांदेडला जाऊन आले. काचबिंदू आहे आणि फार उशीर झाला आहे. उजवा डोळा गेला. डाव्यानं नळीतून बघावं तेवढं दिसतं, तेही धूसर. थेंब घालायचे ते उरलेलं टिकावं म्हणून, गेलेलं परत येत नाही. डॉक्टर कोवळा होता पण स्पष्ट बोलला. उरलेलंही वर्षभर टिकेल असं सांगता येत नाही म्हणाला. हे पत्र पट्टीच्या कडेनं लिहिते आहे. एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची.

प्राचीला हे कळता कामा नये. परवा फोनवर तू म्हणालीस, “आगं, पोरगी तिकडं, तू हिकडं, मधी तुजा हट्ट. म्हातारपनी तुला जेवू कोन घालनार हाय, हट्ट?” बरोबर आहे. पण ऐक. सांगितलं तर ती मिळेल त्या गाडीनं येईल, मी तिला ओळखते. आंधळ्या आईसाठी येईल. मग जन्मभर माझ्या हातात कप देताना तो माझ्या हातात बसला का ते बघत राहील, आणि आमच्या दोघींत जे मोडलं आहे त्याबद्दल एकही शब्द निघणार नाही, कारण आंधळ्या माणसाशी कोण भांडतं? मला ती यायला हवी आहे, ताई. पण माझ्याकडं यायला हवी आहे, माझ्या डोळ्यांकडं नको. आता कुठं वाट निघते आहे. ती अजून मला लिहीत नाही, पण माझ्यासारखंच एका जहाजावर अडून बसली आहे. तिसरी जागा शिबाडाला मिळाली तर ती स्वतः लिहील असं मला वाटतं. तोपर्यंत तू गप्प राहायचं. तुझ्याकडून गेलं तर मी पुन्हा पालमची पायरी चढणार नाही.

तू विचारशील, दिसत नाही तर चित्रं कशी तपासतेस? सविता आहे ना. माझीच विद्यार्थिनी, इतिहासात दोनदा नापास झालेली. आता तिची पोरं कॉलेजात आहेत, सकाळ-संध्याकाळ माझा स्वयंपाक करते, आणि पोळ्या झाल्या की मोबाइलवर आरमार बघते. काय असायला हवं ते मी सांगायचं, तसं आहे का ते तिनं बघायचं.

“बाई, ह्याला म्होरं चोच हाय.”

“चोच म्हणजे काय?”

“चोच म्हंजी चोच. बगळ्यावानी.”

अशी ती काठी सापडली. पण सुरुवातीला ती आभाळापासून सांगत बसायची. ढग लय झ्याक काढलेत बाई, पानी तर हालायलंय असं वाटायलंय. मी म्हणाले, ढग मला नकोत आणि पाणीही नको. चुकलंय तेवढं सांग. पेपर असेच तपासतात. बरोबर उत्तरांचं कौतुक करत बसलं तर गठ्ठा संपत नाही. आता तिला सवय झाली. झटपट सांगते, चूक तेवढी, आणि भांडी घासायला जाते.

हे पत्र वाचून फाडून टाक.

सुनेत्रा


पूर्णा, ६ ऑगस्ट २०२४

प्राची,

शिबाडाचं पक्कं चित्र आलं. साक्षीनं सोबत दोनच ओळी लिहिल्या आहेत. साहेब तयार झाले आहेत, तिसरी जागा शिबाडाची. आणि प्राचीनं विचारायला सांगितलं आहे की काकूंनी शिबाड नीट बघितलं का.

तू स्वतः विचारायला सांगितलंस ही पहिली वेळ. म्हणून उत्तर सरळ देते. नीट बघितलं. दोनदा बघितलं.

एकच चूक आहे. मोठ्या शिडावर रंगीत ठिगळं लावली आहेत. एक निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. एक किरमिजी, काठाचं. एक नुसतं पांढरं. वर हातशिलाईचे उभे टाके. हे काढून टाकावं. शीड जाड सुती कापडाचं असतं, फाटलं तर त्याच कापडानं सांधतात. लुगड्याचे तुकडे समुद्राच्या वाऱ्यात एक दिवस टिकणार नाहीत. अशी सजावट कुठल्याही कागदपत्रात नाही, आणि माझ्या प्रबंधात तर नाहीच. एवढ्या कष्टानं जागा मिळवली आणि त्या जहाजाला भातुकलीचं शीड लावलं, असं कुणी म्हणायला नको. हौस घरी करावी. इतिहासात तिला जागा नाही.

बाकी चित्र बरं आहे. बरं हा शब्द मी वर्गात फार वापरला नाही, हे तुला माहीत आहे.

काम जवळजवळ संपलं. आता कामाशिवाय लिहायचं झालं तर काय लिहावं हे ठरवावं लागेल. तू सुचव.

आई


पूर्णा, १० सप्टेंबर २०२४

प्राची,

महिना झाला. ठिगळं काढली, एवढं साक्षीनं कळवलं. त्यानंतर काही नाही. काल यादी आली. गुराब, गलबत, पाल. शिबाड नाही.

साक्षीला फोन करून विचारलं. ती चाचरत बोलली. शिबाड साहेबांनी काढलं नाही म्हणाली, तूच बैठकीत उठून म्हणालीस की पाल घ्या, माझी हरकत नाही. मग मूळ चित्रही पुसून टाकलंस.

हे मला समजलेलं नाही. एका चुकीवर खूण केली म्हणून आख्खा पेपर फाडायचा? लहानपणी दुसऱ्या दिवशी काठ्या कापून पुन्हा आणायचीस. मी चुका दाखवल्या त्या जहाज टिकावं म्हणून. साहेबाशी दोन महिने भांडलीस आणि माझ्या एका परिच्छेदानं हात टेकलेस? हट्ट सोडायला तू कधी शिकलीस? मी तर शिकवलं नाही.

अजून वेळ असेल तर यादी बदलून घे. पाल म्हणजे इतर लढाऊ जहाजांसारखंच आणखी एक. मी तुमच्या साहेबांना लिहायला तयार आहे.

आणि उत्तर दे. साक्षीकडून नको. नकार असला तरी चालेल, पण तुझ्या हातचा.

आई


पूर्णा, २१ ऑक्टोबर २०२४

प्राची,

अक्षर सविताचं आहे. ऱ्हस्वदीर्घही तिचे आहेत, मजकूर माझा. मी सांगते आणि ती लिहिते. मध्ये थांबायचं नाही असं तिला बजावलं आहे.

परवा साक्षीचा फोन आला. तू नोकरी सोडून परदेशात गेलीस हे तिनं सांगितलं. गेम बाजारात येईल, तुझं नाव त्यात असेल, तू नसशील. मग ती म्हणाली, “काकू, एक विचारू? राग येणार नाही ना? ते कापड तुम्ही खरंच ओळखलं नाहीत?”

मी म्हणाले, कुठलं कापड?

मग तिनं सांगितलं. बाबांच्या दहाव्यानंतर निघताना तू पेटीतली वाकळ नेलीस. मी तुझ्या जन्माआधी शिवलेली. निळं ठिपक्यांचं माझं कॉलेजातलं पातळ, किरमिजी काठ आजीच्या लुगड्याचा, आणि पांढरं बाबांच्या रेल्वे गार्डच्या युनिफॉर्मचं. वाकळ गेली आहे हे मला ठाऊक होतं. उंदरांनी कुरतडली म्हणून आवराआवरीत कुणीतरी टाकली असेल, असं मी धरून चालले होते. ती तू ऑफिसात टेबलावर पसरून ठेवलीस आणि टाका न टाका बघून शिडावर काढलीस. साक्षी म्हणाली, तुम्ही चित्र नीट बघितलं असं लिहिलंत ते प्राचीनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यानंतर तिनं वाकळ घडी घालून कपाटात ठेवली.

फोन ठेवून मी सविताला हाक मारली. विचारलं, शिबाडाच्या शिडावर ठिगळं होती, ती कशासारखी दिसत होती?

“आपल्या पेटीत व्हती न्हवं का वाकळ, तसलीच,” ती म्हणाली. “मी धुतलीय की ती, प्राचीताईचे बाबा हायात व्हते तवा. बघताक्षनी वळखली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमीच म्हनलाव, बाई. चुकलंय तेवढंच सांग. आता वाकळ वळखू येती, ही काय चूक हाय का? शिडावर वाकळ कशी आसंल, ही चूक. ती सांगितली.”

मी तिला रागावू शकले नाही. तिनं पेपर माझ्या पद्धतीनं तपासला आणि बरोबर तपासला. आता हे लिहिताना ती रडते आहे. मी तिला सांगितलं, कागद ओला करू नकोस, शाई पसरते.

तर प्राची, मला दिसत नाही. काचबिंदू आहे. जूनमध्ये तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच उजवा डोळा गेलेला होता. टेबलाचे पाय चारही सारखे आहेत. गुराब, गलबत, शिबाड, यांतलं एकही चित्र मी पाहिलेलं नाही. सविता सांगायची आणि मी खुणा करायचे. नीट बघितलं, दोनदा बघितलं, हे मी लिहिलं ते खोटं होतं. तुला कळू नये म्हणून लिहिलं. तू कीव करत यावंस हे मला नको होतं. आता तू येणार नाहीस, तेव्हा सांगायला हरकत नाही.

ठिगळांबद्दल माझं मत तेच आहे. शीड तसं नसायचं. कुठल्याही परीक्षकानं तेच लिहिलं असतं. पण मी ती वाकळ ओळखली असती तर ते लिहिलं नसतं. मग काय लिहिलं असतं, हे गेले दोन दिवस शोधते आहे, आणि सापडत नाही. कौतुक कसं लिहितात ते मला येत नाही, एवढं मात्र कळलं. सविता म्हणते, नुसतं 'पोचलं' असं लिवलं आसतं तरी झालं आसतं.

साक्षीला विचारलं, चित्र कुठून परत मिळेल का? मिळणार नाही. तू सगळ्या प्रती पुसल्यास. त्या कामात तू पक्की आहेस. सविताला म्हणाले, तुझ्या मोबाइलवर आलं होतं ना? तिनं शोधलं. जागा भरली म्हणून पोरानं मोबाइल साफ केला होता. आता ते शीड कसं दिसत होतं हे सविताच्या आठवणीत आहे, आणि तिची आठवण इतिहासात नापास झालेली आहे. काल विचारलं तर किरमिजी वर होतं म्हणाली, आज म्हणते निळं वर होतं.

पदवीची अट मी मागं घेते. आता त्यानं काहीच होत नाही हे मला कळतं. तरी घेते. कागदावर राहू नये.

कमलमावशीनं तुझा नंबर लावून बघितला. बंद आहे. साक्षीनं माझ्यादेखत, म्हणजे फोनवर मी ऐकत असताना, दुसऱ्या फोनवरून तुला निरोप पाठवला की आई पत्ता मागते आहे, देऊ का? उत्तर लगेच आलं. तिला वाचून दाखवायचं नव्हतं, मी वाचायला लावलं. एकच शब्द होता. नको.

मी आग्रह केला नाही. साक्षीचीही तिथली नोकरी महिनाअखेर संपते आहे. ती म्हणाली, आलं तर ठेवून घेईन काकू, पण पुढं पाठवायला मला जमेल का माहीत नाही. तुझा दुसरा पत्ता माझ्याकडं नाही, म्हणून हे पत्र कंपनीच्याच पत्त्यावर पाठवते आहे.

आई